आजोबांची तिथी

मामंजींना एकदा तरी आपल्या आजोबांचं श्राद्ध नेमक्या तिथीला करायचं होतं. आजोबा चोरट्या बंदुका वाहणाऱ्या गलबतावर खलाशी होते. सिंगापूरजवळ इंग्रजांच्या गस्ती बोटीने ते गलबत बुडवलं आणि आजोबा परतलेच नाहीत; तारीख घरात कुणालाच ठाऊक नसल्याने त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीलाच व्हायचं. माझ्या मुलीने, इराने, इथे सिंगापुरातच जुन्या सरकारी दप्तरातून त्याचा अहवाल शोधला आणि तोआ पायोह भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठीत वाचून दाखवला. "गलबत बुडालं. बंदुका हस्तगत. जीवितहानी नाही."

"म्हणजे वाचले होते?" मामंजींनी विचारलं.

"आबा, इंग्रज फक्त स्वतःची माणसं मोजायचे," इरा म्हणाली.

"सरकारी कागद आहे तो, बाळ." त्यांनी पंचांग मिटलं. "घरी यायचंच नव्हतं त्यांना."

यंदा सर्वपित्रीला मी नेहमीसारखे तीळ काढून ठेवले. त्यांनी आजोबांच्या नावाचं पाणी सोडलंच नाही.