ढग खाली आलेत

"ढग फार खाली आलेत. मी उडणार नाही," विमान प्रफुल्लच्या आवाजात म्हणालं.

शकुंतलाबाईंनी साप चावलेल्या नातीला उराशी आवळलं. पोरीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि तालुक्याचा रस्ता पुरात वाहून गेला होता.

प्रफुल्ल त्यांचा वैमानिक मुलगा. सात वर्षांपूर्वी असल्याच ढगांत त्याचं नऊ आसनी विमान डोंगरावर आदळलं. तो दोनदा नको म्हणाला होता, पण प्रवाशांच्या विनवण्यांपुढे त्याचं काही चाललं नाही. तेव्हापासून बाई सरकारदरबारी भांडत राहिल्या: विमानात माणूसच नको, कुणाच्या रडण्याने न विरघळणारं यंत्र बसवा. आवाज तेवढा माझ्या लेकाचा द्या.

"प्रफुल्ल, तुझीच लेक आहे रे ही!"

"ढग फार खाली आलेत. मी उडणार नाही."

"अरे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

बोलल्या आणि त्या जागीच थिजल्या. अपघाताच्या ध्वनिमुद्रणात एका बाईने अगदी हेच म्हणून प्रफुल्लला उडायला लावलं होतं. शकुंतलाबाई सात वर्षं तिला रोज शिव्याशाप देत होत्या. तिच्या मांडीवर कोण होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.