ओळखीचे ठसे

एकदा आबांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, तेव्हापासून त्यांची लेक चैताली ताकही फुंकून पिऊ लागली. बंगळुरूला परत निघताना तिनं वलवणच्या घरातल्या त्या कॉम्प्युटरवर पहाराच बसवला.

"आबा, माणसाच्या अंगठ्यासारखा सॉफ्टवेअरच्या प्रत्येक फाइलचाही ठसा असतो. सगळे ओळखीचे ठसे मी नोंदवून ठेवलेत. फाइलमध्ये एका टिंबाचा जरी फरक पडला, तरी ठसा बदलतो आणि लगेच माझ्या मोबाइलवर इशारा येतो. माझा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजा."

फोन आला नाही. पावसाळ्यातली पर्यटकांची झुंबड आली आणि गेली, धरणावरचं धुकंही विरलं. आबा एकट्यापुरता चहा टाकायचे आणि फोनकडे बघत प्यायचे. सगळं ठीक होतं.

मग एका रविवारी फोन वाजला. "आबा, एक फाइल बदललीय! घरात कुणी आलं होतं का?"

"हितं कोण येतंय, पोरी?"

फाइल पुन्हा होती तशी करेपर्यंत ती तासभर बोलत राहिली. जेवण, गुडघा, अंगणातला फणस, सगळं निघालं. "आता काळजी नको, आबा. ती फाइल मी कुलूपबंद केलीय," म्हणत तिनं फोन ठेवला.



पुढच्या रविवारी आबांनी टिंब दुसऱ्या फाइलमध्ये दिलं आणि चहा घेऊन फोनजवळ बसले.