दोन बोटं खाली

"एवढ्याशा पायाला एवढं लोखंड, आणि तेही धड बसत नाही," आजी पुटपुटली. पुटपुटणं असं, की पलीकडच्या खोलीतल्या मशीनलाही ऐकू जावं.

कॅलिपर बनवणाऱ्या काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते खाली फरशीवर बसले होते. समोर उंच टेबलावर सात वर्षांची नात. तिचा एक पाय झोके घेत होता. दुसरा कॅलिपरच्या पोलादी पट्ट्यांत आणि चामड्यात बांधलेला. घरी तिला सगळे बुटकी म्हणत.

"मोजा जाड घातलाय का?" काकांनी विचारलं.

"नेहमीचाच आहे," आई म्हणाली.

"मग बूट झिजला असेल."

"हो, झिजलाच असेल."

"पाय वाकडा टाकते ती," आजी म्हणाली. "लक्ष कुठे असतं बाईसाहेबांचं!"

"मी सरळच टाकते," बुटकी म्हणाली.

काकांनी पट्टा सोडला. आत लाल चट्टा उठला होता, मधोमध सोललेला. कॅलिपरची बिजागरी गुडघ्याच्या दोन बोटं खाली आली होती. गुडघा एका जागी वाकायचा, लोखंड दुसऱ्या. अशा भांडणात लोखंड कधी हरत नाही. असंच चाललं तर गुडघा कायमचा वाकडा होणार, हे काकांना दिसत होतं. आणि कॅलिपर काढून ठेवावा, तर तो पाय उभाच राहणार नाही.

लांबी वाढवता यावी म्हणून पट्ट्यांना चार भोकं ठेवली होती. पहिलं वापरलं तेव्हा काकांनी बुटकीला गोळी दिली होती. दुसऱ्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या खेपेला चौथं, शेवटचं लागलं, तेव्हा ना गोळी, ना टाळ्या.

सरकारी आरोग्य विम्यातून कॅलिपर तीन वर्षांतून एकदा मिळे. पुढच्याला अजून एक वर्ष सात महिने होते. त्याआधी मिळावा म्हणून काकांनी दोनदा अर्ज करून पाहिला. दोन्ही वेळा उत्तर तेच: उपकरण सुस्थितीत आहे. ते खोटंही नव्हतं. काकांनी तो जीव लावून बनवला होता, तेच नडलं.

"मग मोडा की मेल्याला!" आजी म्हणाली. "आणा तो हातोडा. मी घालते दोन."

"मोडला तर दुरुस्ती मिळते, आजी. नवा नाही मिळत."

"अगं बाई! म्हणजे विमा लोखंडाचा आहे होय!"

काका हसले, आजी हसली. आई हसली नाही. विकत घ्यायची गोष्ट कुणी काढली नाही. ती मागेच निघाली होती, आणि आकडा ऐकून आईने पर्सची चेन परत लावली होती.

"चल, भिंतीशी उभी राहा," कॅलिपर उतरवून काका म्हणाले.

"राहू दे ना," आई घाईने म्हणाली. "मागच्या वेळी घेतलंय की माप."

पण बुटकी तोवर टेबलावरून उतरलीसुद्धा. हे तिला फार आवडे. आजीचा हात धरून, एका पायावर, पाठ भिंतीला घट्ट लावून ती उभी राहिली. काकांनी तिच्या डोक्यावर पट्टी टेकवली. पेन्सिलची जुनी खूण पट्टीच्या बरीच खाली होती. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, आणि खूण न करताच परत ठेवली.

"खाणंपिणं व्यवस्थित आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून, प्रत्येक आईला विचारत तसं त्यांनी विचारलं.

आजी खिडकीबाहेर बघू लागली. आईने कॅलिपर परत चढवला, पट्टे आवळले आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधून झाली तरी तिने मान वर केली नाही.

"चार महिने झाले, तिचं दूध बंद केलंय मी," ती बुटालाच सांगितल्यासारखं म्हणाली. "तरी वाढतेय."