लेसची गाठ

काउंटीच्या कचेरीत, सुनावणीच्या खोलीबाहेर मारिट आईबापांच्या मध्ये बसली होती. दहा वर्षांच्या मुलीला बुटाची लेसही बांधता येत नाही, वर्गात मदतीला खास शिक्षिका हवीच, म्हणून त्यांनी शाळा मंडळावर दावा लावला होता. घरी आई बापाच्या बर्फावर घसरायच्या जुन्या स्केट-बुटाच्या लेसवर तिच्याकडून गाठी घोटवून घ्यायची. आता मारिट वाकली. दोन फास, एकातून दुसरा, गाठ बसली. दुसऱ्या पायाचीही. "मॉम, बघ! दोन्ही!" बापाचे डोळे भरून आले. त्यांच्या वकीलबाईंचा चेहरा उतरला. "आजच जमायचं होतं का हिला?" त्या पुटपुटल्या. "मंडळ म्हणेल, आमच्या शाळेनेच शिकवलं. मग कसली शिक्षिका अन् कसलं काय!" आतून बोलावणं आलं. आई गुडघ्यांवर बसली. मुलीकडे न बघता तिने डाव्या बुटाची लेस सोडली. मारिटने उजवा पाय पुढे केला. "मॉम, हीसुद्धा चुकली का?"