बाहेरून कुलूप

टाकव्याचा पहिला पदवीधर नथू एम.ए.साठी पुण्याला गेला आणि वसतिगृहातली त्याची खोली गावाची धर्मशाळा झाली. कोर्ट असो, दवाखाना असो, कामशेतला आगगाडीत चढलेला माणूस घोंगडीसकट नथूच्याच दारात उतरायचा. परीक्षा तोंडावर आली. वैतागलेल्या नथूनं शेजाऱ्याला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आणि स्वतः आत वाचत बसला. दुपारी गावचे कोंडाजीभाऊ आले, हाका मारून, कुलूप हलवून परतले. पीडा टळली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तर दुपारी कुलपावर धोंडा बसला आणि दार उघडलं. समोर धोंडा घेतलेले त्याचे वडील, मागं कोंडाजीभाऊ आणि अर्धं टाकवं. "आमी म्हनलं पोरगं गेलं कुटं! कुनी कोंडलं रं तुला?" कोंडाजीभाऊंसमोर नथूला खरं सांगवेना. वडलांनी उंबऱ्यातच घोंगडी अंथरली. "वाच तू. परीक्षा हुईस्तोवर हितंच बसतो. बगतो, कोन कुलूप लावतंय!"