कानामागची चिप

सायकलवरून पडून रेवाचा गुडघा फुटला. दारात उभ्या असलेल्या आईसमोरूनच ती रडत शेजारच्या कुंदाकाकूंकडे गेली.

"अगं, आईकडे जा की," काकू म्हणाल्या.

"आईला काही वाटत नाही."

दारातल्या मृण्मयीने, तिच्या आईने, ते ऐकलं. तिच्या कानामागची चिप अपस्माराची फिट थोपवायची आणि मायग्रेनची चाहूल लागताच अफूच्या जातीचं वेदनाशामक रक्तात सोडायची. हल्ली मन जरा हललं तरी चिपला ती चाहूलच वाटायची, लगेच औषध सुटायचं आणि मनही बधिर व्हायचं. कित्येक वर्षांत मृण्मयीचं डोकं दुखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर तांबोळींकडे गेली. "ते औषध बंद करा."

"डोकेदुखी परत येईल. त्या ताणाने फिटही येऊ शकते. मुलीच्या बोलण्याचं एवढं वाईट वाटलं?"

"नाही वाटलं. म्हणूनच आले."

डॉक्टरांनी औषध हळूहळू उतरवत आणलं. महिन्याभराने एका दुपारी मृण्मयीचं डावं कानशील ठणकू लागलं. पडदे ओढून ती कण्हत पडून राहिली. रेवा दारात येऊन थबकली.

"आई, दुखतंय?"

"खूप," मृण्मयी म्हणाली.

रेवा आत आली नाही, पण दारातून हललीही नाही.