सोबत कोण?

मांडवीच्या धक्क्यावर मी पर्यटकांच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरते. आज दुपारी रांगेत प्रज्ञेश उभा होता. माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी मुंबईला कामाला गेला, त्यानंतर साधा फोनही नाही.

"अवो, कधी आलाव? घरी चला," मी म्हटलं.

"मॅडम, काय ते लवकर विचारा ना. ऊन लागतंय."

चेष्टा करतोय असं वाटलं. चेहऱ्यावर मात्र ओळख नव्हती. मी फॉर्म पुढे ओढला.

कुठून आलात?
"मुंबई."

कशासाठी?
"सहल."

रत्नागिरीत ओळखीचं कोणी?
"कोणीच नाही."

मुक्काम?
"छे. संध्याकाळी परत."

सोबत कोण?
"बायको. गाडीत बसलीय."

तिचं नाव?
"दर्शना."

माझं नाव मी माझ्याच हाताने त्या रकान्यात लिहिलं.

मागे उभ्या गाडीची काळी काच दोन बोटं खाली आली.

"अवो, किती येळ?"

तो आवाज माझा होता.

एकच प्रश्न उरला होता: पुन्हा येणार का? विचारायला मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. पुन्हा उघडलं.

प्रज्ञेश गाडीकडे वळला.

"थांब गो, आलो!"